नवीन अँटेना लावला आणि रेंज उलट कमीच झाली

प्रश्न: सर, मी कराडजवळच्या गावातला. पाच इंची एफपीव्ही ड्रोन (गॉगलमध्ये ड्रोनच्या कॅमेऱ्याचं चित्र बघत उडवायचा) स्वतः जोडलाय, रिमोट २.४ गिगाहर्ट्झचा ईएलआरएस (रिमोट आणि ड्रोनमधली रेडिओ लिंक) आणि व्हिडिओ ५.८ चा अ‍ॅनालॉग. गॉगलसोबत आलेला काळ्या दांडीचा अँटेना होता तेव्हा ५०० मीटरपर्यंत चित्र बरं यायचं. मग ऑनलाइन ८ डीबीआयचा पॅच (एकाच दिशेला बघणारा चपटा अँटेना, डीबीआय म्हणजे अँटेनाच्या ताकदीचं माप) मागवला, रेंज तिप्पट होईल असं लिहिलं होतं, आणि आता दीडशे मीटरवरच चित्राला मुंग्या येतात. ड्रोनवरच्या मशरूमसारख्या अँटेनावर आरएचसीपी लिहिलंय आणि पॅचच्या मागे एलएचसीपी. माल खराब निघाला का? ट्रान्समीटरची पॉवर वाढवू का?

उत्तर: माल चांगला आहे, जोडी चुकलीय. तुम्ही ती अक्षरं वाचून लिहून पाठवलीत हे फार बरं केलंत, त्यातच उत्तर आहे. या अँटेनातून निघणारी लहर फिरत फिरत जाते, आरएचसीपीची उजवीकडे आणि एलएचसीपीची डावीकडे. उजव्या आट्याच्या बोल्टवर डाव्या आट्याचा नट जसा बसत नाही तसंच हे, उलट जोडी लागली की साधारण २० डीबी सिग्नल वाया जातो (डीबी हे सिग्नलचं माप, दर १० डीबीला ताकद दहापट बदलते). आणि २० डीबी म्हणजे अंतराच्या हिशोबात दहावा भाग.

आता तुमचेच आकडे मांडून बघू. जुनी दांडी सरळ लहरीची, तिची आणि मशरूमची जोडी लावली की ३ डीबी जातात, दांडीची स्वतःची ताकद २ डीबीआय धरली तर हाती उरतं उणे १. उलट्या पॅचचे ८ मधून २० गेले की उणे १२. म्हणजे ११ डीबीचा तोटा, अंतर पाव हिश्श्याच्या थोडं वर, ५०० चे दीडशे झाले ते बरोब्बर जुळतंय! तोच पॅच आरएचसीपीचा असता तर जुन्या दांडीपेक्षा ९ डीबी जास्त, कागदावर जवळजवळ पावणेतीन पट अंतर. म्हणजे विकणाऱ्याने तिप्पट लिहिलं ते अगदीच खोटं नव्हतं, फक्त जोडी बरोबर असली तर.

एवढी भानगड असताना फिरत्या लहरीचा अँटेना वापरतात तरी कशाला, तर ही लहर जमिनीवर, पत्र्यावर, भिंतीवर आपटून परत येते तेव्हा तिची दिशा उलटते, मग गॉगलवरचा अँटेना ती बऱ्यापैकी नाकारतो आणि चित्र फाटत नाही. म्हणून परत दांडीवर जाऊ नका, पॅच बदलून घ्या. किंवा ड्रोनवरचा मशरूम एलएचसीपीचा लावा, तो स्वस्त पडतो.

पॉवर मात्र आत्ता वाढवू नका. २०० मिलीवॉटचे ४०० केले तर ३ डीबी मिळतात आणि अंतर वाढतं फक्त १.४ पट, दुप्पट अंतराला ६ डीबी म्हणजे चौपट पॉवर लागते. ट्रान्समीटर तापतो, बॅटरी खातो, शेजारी उडवणाऱ्याचं चित्र बिघडतं ते वेगळंच. अँटेना नवीन वीज तयार करत नाही, तो इकडची काढून तिकडे देतो, म्हणून ८ डीबीआयचा पॅच समोरच्या साधारण ६०-७० अंशांतच चांगला दिसतो आणि तुमच्या पाठीमागे ड्रोन गेला की आंधळा. गॉगलला दोन अँटेनांची सोय असेल तर एकीकडे पॅच, दुसरीकडे मशरूम, दोन्ही ड्रोनवरच्या अँटेनाच्याच दिशेचे, ही जोडी मला सगळ्यात भरवशाची वाटते.

लावताना एक सांभाळा. एसएमए आणि आरपी-एसएमए हे अँटेना जोडायचे दोन कनेक्टर बाहेरून सारखेच दिसतात, आटेही बसतात, पण चुकीची जोडी लागली की मधे पिनला पिन लागते किंवा दोन्हीकडे नुसती भोकं राहतात. भोकाला भोक आलं की अँटेना लावल्यासारखा दिसतो पण आत काहीच जोडलेलं नसतं, आणि अँटेनाशिवाय व्हिडिओ ट्रान्समीटर चालू ठेवला की तो जळू शकतो. माझा एक असाच गेलाय, अर्ध्या मिनिटात. म्हणून बॅटरी जोडायच्या आधी आत डोकावून बघायचंच.

आणि तुमच्याकडे ऊस असणार. दहा-बारा फूट उभा ऊस, पानांत पाणी भरलेलं, ५.८ चा सिग्नल त्यातून जात नाही हो. शिवाय नुसती सरळ रेघ मोकळी असून भागत नाही, ५०० मीटरवर उडवताना मधोमध त्या रेघेच्या चारी बाजूंनी अडीच मीटर तरी मोकळं लागतं. बांधावर बसून उडवताना ते मिळत नाही, ट्रॉलीवर उभे राहिलात किंवा घराच्या गच्चीवर गेलात तर नवीन अँटेनाइतकाच फरक पडेल. अँटेना बांबूवर चढवून लांब बारीक केबल खाली आणू नका, ५.८ ला एक-दोन मीटर केबलच सगळा फायदा खाऊन टाकते, त्यापेक्षा वेगळा रिसीव्हरच वर बांधा आणि व्हिडिओची वायर खाली घ्या.

रिमोटची लिंक ही वेगळी गोष्ट आहे, चित्र गेलं म्हणजे कंट्रोल गेला असं नाही. पण रिसीव्हरच्या अँटेनाचं टोक, २.४ ला ते साधारण ३१ मिलिमीटर असतं, कार्बन फ्रेमला चिकटवलेलं नाही ना बघा, कार्बन सिग्नल अडवतो. माझा पहिला ड्रोन यामुळेच उसात पडला होता आणि दोन दिवसांनी सापडला. तपासायचं असेल तर रिमोटची पॉवर १०० वरून १० मिलीवॉटवर आणून ड्रोन हातात घेऊन मित्राला चालत जायला सांगा, पंखे काढून. तिथे जेवढं अंतर मिळेल त्याच्या साधारण तिप्पट १०० ला मिळेल.

प्रश्न: दादा, मी अकरावीत आहे. बाबांनी छोटा कॅमेरावाला ड्रोन दिलाय, रिमोटला दोन चपटे अँटेना आहेत. त्यांना अ‍ॅल्युमिनियम फॉइल लावून रेंज वाढते का?

उत्तर: वाढते, पण आधी फुकटचं घे. बहुतेक मुलं अँटेनाचं टोक ड्रोनकडे रोखून धरतात, बंदुकीसारखं. टोकाच्या दिशेनेच सिग्नल सगळ्यात कमी जातो, म्हणून अँटेनाची चपटी बाजू ड्रोनकडे कर आणि ड्रोन वर गेला की रिमोट तसा कलवत राहा. हे करूनच तुला फरक दिसेल. मग हवं तर पुठ्ठ्याला वक्र आकार देऊन त्यावर फॉइल चिकटव आणि तो अँटेनाच्या मागे थोडा अंतर ठेवून उभा कर, फॉइल अँटेनाला गुंडाळायची नाही, गुंडाळलीस तर सिग्नल बंदच होईल. समोरून थोडे डीबी मिळतील, मागून कमी होतील. रिमोट उघडून आतल्या वायरी बदलायला जाऊ नकोस, एवढ्या छोट्या ड्रोनला रेंजच्या आधी बॅटरी संपते आणि वाऱ्यात परत आणायला ती पुरत नाही. उडवण्याआधी सरकारच्या डिजिटल स्काय नकाशात (कुठे ड्रोन उडवता येतो ते दाखवणारा) तुझी जागा हिरव्या भागात आहे ना बघ, हिरव्यातही ४०० फुटांच्या वर नाही आणि विमानतळाजवळ त्याहून कमी. सोबत बाबांना घे, तू स्क्रीन बघत असताना ड्रोन उघड्या डोळ्यांनी बघणारं कोणीतरी पाहिजे.

प्रश्न: परदेशातल्या भावाने ड्रोनच्या रिमोटला लावायचं ९१५ मेगाहर्ट्झचं मॉड्यूल पाठवलंय. कमी फ्रिक्वेन्सी लांब जाते म्हणतात, वापरू का?

उत्तर: नको. लांब जाते हे खरं, पण आपल्याकडे ९०० च्या आसपास मोबाइल कंपन्या चालतात. त्यांच्या पट्ट्यात शिरलं तर लोकांच्या फोनला त्रास आणि टॉवरच्या गोंगाटात तुमचीच लिंक तुटणार. भारतात विनापरवाना वापरासाठी ८६५ ते ८६८ चा पट्टा आहे, मॉड्यूलमध्ये त्यासाठीची सेटिंग असेल तर ती करून घ्या आणि अँटेनाही ८६८ चाच लावा, ९१५ साठी कापलेला तिथे नीट बसत नाही.