नवे सेल घातले. मुलाच्या खेळण्यातल्या गाडीचा दिवा लागतो, पण चाकं फिरत नाहीत. मोटर गेली का?

बहुतेक नाही, आधी सेलच्या खाचेतली स्प्रिंग बघा. जुना सेल पाझरला की तिच्यावर पांढरा-हिरवट थर चढतो. एलईडीला १०-२० मिलीअँपिअर पुरतात, तेवढे या थरातूनही जातात. मोटरला शेकडो लागतात, म्हणून ती उठतच नाही. मल्टिमीटर असेल तर बटण दाबून मोजा: दोन सेलवर मिळून ३ व्होल्ट आणि स्प्रिंगच्या वायरींवर बरेच कमी दिसले, तर दोष नक्की तिथेच. कापसाच्या काडीवर थोडं व्हिनेगर घेऊन थर पुसा, बारीक पॉलिश पेपरने चकाकेपर्यंत घासा, पूर्ण वाळू द्या. तरीही मोटर गप्प असेल तर दोन सेल थेट तिच्या टोकांना लावा. फिरली तर वायरीचा सुटलेला जोड (सोल्डरचा टाका) शोधा. मात्र हे साध्या सेलच्या खेळण्यांपुरतंच. चार्जिंगची लिथियम बॅटरी फुगलेली असेल तर ती उघडू नका, चार्जही करू नका.