व्हिसा त्याच्या नावावर, मग मी कोण?

“मॅडम, डिपेंडंट म्हणून जायचं म्हणजे शेवटी डिपेंडंटच की हो.”

मी समुपदेशक आहे. हे वाक्य मी सांगलीत विश्रामबागेतल्या माझ्या खोलीत इतक्या वेळा ऐकलंय, की मुलगी बोलायला लागली की ते कधी येणार हे मला आधीच कळतं. कुणाचा नवरा अमेरिकेत स्थायिक झालेला मराठी मुलगा असतो, कुणाचा इंग्लंडात. अलीकडे परदेशी मुलाशी लग्न केलेल्याही येतात, सांगली-मिरजेतूनच नाही तर विट्यातून, इस्लामपुरातून. प्रश्न घेऊन येतात तो व्हिसाचा. मिळेल का, मुलाखतीत काय विचारतील, एखादा कागद कमी पडला तर? त्याआधी एजंटाकडे जाऊन आलेल्या असतात. तिथे कागदांची यादी मिळते, पण झोप मिळत नाही. मग माझ्याकडे येतात.

ऋतुजाची गोष्ट सांगते. नाव आणि काही तपशील बदलले आहेत, तिची परवानगी घेतली आहे.

ऋतुजा फिजिओथेरपिस्ट. पुण्यात नोकरीला असताना एका ट्रेकिंगच्या ग्रुपमध्ये तिची एका जर्मन इंजिनिअरशी ओळख झाली आणि तीन वर्षांनी दोघांनी सांगलीत विशेष विवाह कायद्याखाली लग्न केलं. या कायद्यात लग्नाआधी ३० दिवसांची नोटीस द्यावी लागते आणि ती विवाह अधिकाऱ्याच्या कार्यालयात लावली जाते. त्या महिन्याभरात कुठल्या कुठल्या नातेवाइकांनी ती वाचली आणि काय काय बोलले, ते मी इथे लिहीत नाही. लग्न झालं, नवरा श्टुटगार्टला परत गेला, ती मिरजेतल्या एका हॉस्पिटलमध्ये काम करू लागली आणि व्हिसाची तयारी सुरू झाली.

जर्मन नागरिकाच्या जोडीदाराला तिकडे राहायला जायचं तर आधी जर्मन भाषेची ए-१ परीक्षा द्यावी लागते. अगदी प्राथमिक पातळी. १०० पैकी ६० मिळाले की पास. हुशार मुलगी, सहा महिने अभ्यास केलेला. पुण्याला मॅक्सम्युलर भवनात परीक्षा दिली आणि नापास झाली. माझ्याकडे आली ती त्यानंतर आठ दिवसांनी.

“वाचन ठीक गेलं. तोंडीला गोठले,” ती म्हणाली.

“कुठे?”

तोंडी परीक्षेच्या सुरुवातीला समोर एक कागद असतो. त्यावर सात शब्द. नाव, वय, देश, राहण्याचं ठिकाण, भाषा, व्यवसाय, छंद. एकेक शब्द धरून स्वतःची ओळख करून द्यायची. ती पाच शब्द नीट बोलली. सहावा शब्द ‘बेरूफ’, म्हणजे व्यवसाय. “इश बिन”, म्हणजे “मी आहे”, इतकं म्हणाली आणि थांबली. पुढचा शब्द पाठ होता. आलाच नाही. तिथून सगळंच बिघडत गेलं.

“विसरलीस?”

“नाही. मला वाटलं मी खोटं बोलतेय. तिकडे गेल्यावर मी कुठली फिजिओ? तिकडे मी फक्त त्याची बायको.”

मी वही बाजूला ठेवली. इतकी वर्षं हे काम केल्यावर एक गोष्ट अंगवळणी पडली आहे: माणूस कुठल्या शब्दाला अडखळतो तिकडे कान द्यायचा. दिवसाला वीस पेशंटचे गुडघे वाकवून घेणारी ही मुलगी स्वतःच्या कामाच्या नावापाशी अडखळली होती. व्हिसा पुढची गोष्ट होती.

मी तिला कागद दिला. म्हटलं, जर्मनीबद्दल मनात जी वाक्यं येतात ती जशीच्या तशी लिही. तिने अकरा लिहिली. तो मला नेईल. व्हिसा देतील की नाही कोण जाणे. त्याची आई मला सांभाळून घेईल. मला तिथे काय करू देतील? अशी. मी तिच्या हातात लाल पेन दिलं आणि प्रत्येक वाक्यातला कर्ता अधोरेखित करायला सांगितलं, शाळेत करतो तसा. अकरांपैकी नऊ वाक्यांत ती स्वतः कर्ता नव्हती. नेणारे, देणारे, सांभाळणारे सगळे दुसरेच. ती बराच वेळ त्या कागदाकडे बघत राहिली.

माझी घडण अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या विचारांवर झाली आहे. घटनेपेक्षा त्या घटनेबद्दल आपण स्वतःला जी वाक्यं ऐकवतो त्यांनी माणूस जास्त घायाळ होतो, हे त्यांचं म्हणणं मी रोज माझ्यासमोर खरं होताना बघते. ऋतुजाच्या त्या नऊ वाक्यांखाली आणखी एक वाक्य दडलेलं होतं, ते बाहेर यायला दोन बैठका गेल्या: ‘मी कधीच कुणावर अवलंबून असता कामा नये.’ वडिलांची शिकवणच तशी होती. “अण्णा म्हणायचे, कुणापुढं हात पसरायचा न्हाई.” शिकवण चांगली. पण ती इतकी ताठ झाली, की नवऱ्याच्या नावावर व्हिसा मिळणं हीसुद्धा तिला मान खाली घालायची गोष्ट वाटू लागली.

मी विचारलं, “गुडघ्याच्या ऑपरेशननंतर तुझा पेशंट वॉकर धरतो. त्याला तू परावलंबी म्हणतेस?”

ती हसली. “उलट वॉकर न धरता उठतो त्याला मी ओरडते.”

डोक्याला पटलं होतं, पोटाला पटायचं होतं. मी आईवडिलांना बोलावून घेतलं.

वडील विट्याकडचे, गलाईवाले. सांगलीकरांना सांगायला नको, पण बाहेरच्या वाचकांसाठी सांगते. खानापूर-आटपाडीच्या दुष्काळी भागातली माणसं पिढ्यान्‌पिढ्या सोनं-चांदी गाळायच्या धंद्यासाठी देशभर पसरली आहेत. दक्षिणेत तर शहराशहरात विट्याकडचा माणूस भेटतो. ऋतुजाच्या वडिलांचं दुकान कोईमतूरला होतं. खाली दुकान, वर एक खोली, दिवसभर तेजाबाचा वास. आई १९९१ मध्ये लग्न होऊन तिथे गेली, तेव्हा एकोणीस वर्षांची होती.

पहिला अर्धा तास वडीलच बोलले. पोरगी जावयाच्या कागदावर जाणार, उद्या त्यानं हाकललं तर? तिचा पासपोर्ट पण तिकडचा होणार का? मी सांगितलं की लग्नाने नागरिकत्व बदलत नाही, पासपोर्ट भारताचाच राहतो. ते थोडे सैलावले. आई पर्स मांडीवर घेऊन गप्प बसली होती. मी तिच्याकडे वळले.

“तुम्ही कोईमतूरला गेलात तेव्हा तमिळ येत होतं?”

“कुठलं हो. एकच शब्द यायचा. वेण्डाम.”

“म्हणजे?”

“नको.” आणि मग ती बोलू लागली. “पयलं सा म्हयनं त्याच एका शब्दावर काढलं. दारात भाजीवाली यायची. भाव कसा इचारायचा म्हाईत न्हाई, मग वेण्डाम. दूधवाला आला, वेण्डाम. शेजारीण एकदा वाटी घिऊन आली, तिलाबी वेण्डाम. ती परत आली न्हाई. भाजी हे आणायचे, रात्री दुकान बंद झाल्यावर. सुकलेली.”

नवरा खाली मान घालून ऐकत होता. मला वाटतं, हे तो पहिल्यांदाच ऐकत होता.

“मग एक दिवस भेंडी आली. कवळी हुती. मी त्या शेजारणीच्या पोरीकडनं शिकून ठेवलं हुतं, एव्वळवु. किती. तेवढं बोलले. भाजीवाली काय बोलली ते कळलं न्हाई, पर तिनं बोटं दाखवली. पैसे दिले, भेंडी घेतली. त्या रात्री ह्यांना म्हटलं, उद्यापास्नं भाजी मी घेणार.”

ऋतुजा आईकडे टक लावून बघत होती. “पण आई, तुला तर अण्णांनीच नेलं होतं ना?”

आईने पर्सचा बंद सरळ केला. “न्हेलं ह्यांनी. ऱ्हायले मी.”

खोलीत कुणी काही बोललं नाही. मीही बोलले नाही, आणि त्या क्षणी गप्प राहिले याचं मला आजही समाधान आहे. अशा वेळी समुपदेशकाने अर्थ सांगायला तोंड उघडलं की सगळं वाया जातं. जे मी लाल पेनाने सहा आठवडे दाखवत होते, ते तिच्या आईने चार शब्दांत सांगितलं होतं. दोन कर्ते, दोन क्रियापदं. नेणाऱ्याचं काम एका दिवसात संपतं. राहण्याचं काम पुढे सगळा जन्म चालतं आणि ते कुणी दुसरा करून देत नाही.

पुढच्या वेळी ऋतुजा आली ती नवा कागद घेऊन. मी परीक्षा देणार. मी माझ्या डिग्रीचे कागद तिकडे मान्यतेसाठी पाठवणार. मी सासूला सांगणार की मला स्वयंपाकघरात एक कप्पा हवा. तो मला विमानतळावर घ्यायला येईल, हेही एक वाक्य होतं, आणि ते तिने खोडलं नव्हतं. बरं वाटलं मला. सगळीकडे ‘मी’च भरलेला असता तर काळजी वाटली असती.

आता जिला हीच काळजी आहे, तिच्यासाठी थोडं सांगते.

व्हिसा अधिकारी तुमची लायकी मोजत नाही. त्याच्यासमोर नियम असतात. इंग्लंडमध्ये एप्रिल २०२४ पासून जोडीदाराला बोलावणाऱ्याचं वार्षिक उत्पन्न किमान २९,००० पौंड असावं लागतं, आधी ही अट १८,६०० होती. एका जोडप्याला ही वाढलेली अट आडवी आली आणि मुलगी म्हणू लागली, “आमचं लग्न कमी पडलं.” लग्न कमी पडलं नव्हतं, पगार कमी पडत होता. या दोन वाक्यांत खूप अंतर आहे. जर्मनीत नवरा जर्मन नागरिक असेल तर पगार सहसा आड येत नाही, पण तुमची फाइल त्याच्या गावच्या परदेशी नागरिकांच्या कार्यालयाकडे मतासाठी जाते, म्हणून महिने लागतात. त्या महिन्यांत ‘उशीर झाला म्हणजे संशय आला’ असं मनात घोळवत बसू नका.

मुलाखतीची उत्तरं पाठ करू नका. पहिल्यांदा कुठे भेटलात, लग्नाला कोण होतं, हे खरं जोडपं अडखळत सांगतं आणि तारखेवरून कधी कधी भांडतंसुद्धा. ते चालतं. नात्याचे पुरावे वाढवून दाखवायचा सल्ला कुणी एजंट देत असेल तर तिथून उठा.

आणि ‘हाकललं तर’ ही भीती मी कधीच हसण्यावारी नेत नाही. आईवडिलांनीही नेऊ नये. तिला माहितीनेच उत्तर द्यावं लागतं. जर्मनीत जोडीदार म्हणून गेलेल्या व्यक्तीला पहिल्या दिवसापासून नोकरी करता येते. फिजिओथेरपीसारख्या कामांना मात्र डिग्रीची मान्यता आणि वरच्या पातळीची भाषा लागते. तिथे तीन वर्षं एकत्र राहिल्यावर लग्न मोडलं तरी स्वतःच्या हक्कावर राहण्याचा परवाना मिळू शकतो, आणि मारहाणीसारख्या प्रकरणात तीन वर्षांची अट शिथिल होते. तिकडे ११६ ०१६ हा छळ होणाऱ्या स्त्रियांसाठीचा मोफत फोन चोवीस तास चालू असतो. अमेरिकेत लग्नाला दोन वर्षं व्हायच्या आत गेलात तर ग्रीन कार्ड दोन वर्षांचं, अटींसह मिळतं, पण त्या अटी काढण्याचा अर्ज छळ झालेल्या पत्नीला एकटीने करता येतो. हे सगळं जाण्याआधी वाचून ठेवा. नवऱ्याबरोबर बसून वाचा. चांगला नवरा यावर रागावत नाही. रागावला, तर तीही माहितीच आहे.

पासपोर्ट स्वतःच्या कपाटात ठेवायचा. पहिल्या महिन्यात स्वतःच्या नावाचं बँक खातं काढायचं. भाषेचा सरकारी वर्ग लावायचा. जर्मनीत तो साधारण ६०० तास भाषेचा आणि १०० तास तिथल्या समाजव्यवस्थेचा असतो. घरी नवऱ्याशी इंग्रजीत भागतं म्हणून पुष्कळ मुली वर्ग टाळतात आणि दोन वर्षांनी व्हिडिओ कॉलवर माझ्यासमोर रडतात. दारात आलेल्या प्रत्येकाला ‘वेण्डाम’ म्हणणाऱ्या असतात त्या, आणि घरात भाजी रात्री येत असते.

माहेरच्यांना एक विनंती. मुलगी तिकडून रडत फोन करेल तेव्हा लगेच ‘परत ये’ म्हणू नका आणि ‘सोस’ही म्हणू नका. आज दिवसभरात काय केलंस, कुठे गेलीस, कुणाशी बोललीस, एवढं विचारा. उत्तर सलग काही आठवडे ‘कुठेच नाही’ असं आलं तर मात्र जागे व्हा.

ऋतुजाने परीक्षा पुन्हा दिली आणि ८१ गुण मिळवले. सहाव्या शब्दाला तिने काय सांगितलं, ते तिने मला व्हॉइस मेसेजवर म्हणून दाखवलं: “इश बिन फ्युझिओतेरापॉयटिन.” पाच महिन्यांनी व्हिसा आला. सध्या ती वरच्या पातळीची भाषा शिकतेय, डिग्रीची फाइल दिली आहे, आणि मान्यता येईपर्यंत एका वृद्धाश्रमात मदतनीस म्हणून काम करतेय.

गेल्या महिन्यात तिची आई गणपतीच्या देवळात भेटली. म्हणाली, “तिला इचारलं, तिकडं भेंडी मिळती का गं. तर म्हणली, तुर्की दुकानात मिळती. भाव मीच इचारते.”