वाद तेलाचा, नाव करिअरचं

प्रश्न: आम्ही नॉर्वेत स्टावांगरला राहतो. मिस्टर तेल कंपनीत इंजिनिअर आहेत. मुलगी सतरा वर्षांची, जन्म इथलाच. सहापैकी केमिस्ट्रीत 5, नॉर्वेजियनमध्ये 6. डॉक्टर करायचं असं आमचं पहिल्यापासून ठरलेलं. वर्षभरापूर्वी ती एसव्ही या डाव्या पक्षाच्या युवक संघटनेत गेली. आता म्हणते, पुढच्या वर्षी केमिस्ट्री सोडून ‘राजकारण आणि मानवी हक्क’ हा विषय घेणार आणि त्याच पक्षाच्या माजी अध्यक्ष क्रिस्टिन हाल्वोर्सेनसारखी खासदार होणार. बाबांनी तिच्याशी बोलणं टाकलंय. सभांना गेलीस तर ड्रायव्हिंग क्लासचे पैसे मिळणार नाहीत, असं सांगितलंय. राजकारणाला घराणं आणि पैसा लागतो, आपल्याकडे दोन्ही नाही. तुम्ही तिला मराठीतून नीट समजावाल का?
– एक आई

उत्तर: ताई, नाही समजावणार. तुमच्या पत्रात तिचे गुण आहेत, बाबांचा राग आहे, पण ती त्या सभांना जाऊन काय करते, काय बोलते, याबद्दल एक ओळ नाही. वर्ष झालं म्हणता. एवढ्या दिवसांत एकदाही विचारावंसं वाटलं नाही?

ड्रायव्हिंग क्लासचं वाचून तर मी थांबलोच. नॉर्वेत गाडी शिकणं हा हजारो क्रोनरचा मामला, स्वतःच्या खिशातून ती भरू शकत नाही. म्हणजे नाक कुठे दाबायचं हे बाबांना नेमकं कळलंय. अशाने तोंड उघडत नाही हो, मुलं सभेला जातात आणि घरी ‘मैत्रिणीकडे होते’ म्हणून सांगतात. आज ती तुम्हाला खरं सांगतेय, हे गमावू नका.

आता बाबांबद्दल स्पष्ट लिहितो, हे त्यांनाही वाचायला द्या. एसव्हीचा नव्या तेलविहिरींना विरोध आहे. 2005 ते 2013 हा पक्ष सत्तेत होता, तेव्हा उत्तरेकडच्या लोफोटेन बेटांच्या समुद्रात तेलशोधाला दार बंदच राहिलं. घरात पगार तेलाचा आणि लेक अशा पक्षात. बाबांना टोचणार, साहजिक आहे. पण ते टोचणं त्यांनी ‘तुझ्या भवितव्याची काळजी’ या नावाखाली चालवलंय. मला सांगा, ती उजवीकडच्या पक्षात गेली असती तर क्लासचे पैसे अडले असते का? प्रोग्रेस पार्टीचे हिमांशु गुलाटी खासदार झाले, तेव्हा तिथल्या भारतीयांच्या ग्रुपवर अभिनंदनाचे मेसेज फिरलेच असतील. तेव्हा राजकारणात करिअर नसतं, असं कोणी म्हणालं होतं का? भांडण तेलावरून आहे ना, मग जेवायला बसल्यावर तेलावरूनच भांडा. खुशाल भांडा. तिला मुद्दे तयार करावे लागतील आणि बाबांनाही.

त्याआधी बाबांनी हाल्वोर्सेनबाईंचं काम जरा बघावं. जन्म 1960 चा, गाव हॉर्टेन. विद्यापीठात शिकल्या शिक्षणशास्त्र आणि गुन्हेगारीशास्त्र. 1989 ला ऑस्लोतून खासदार झाल्या, त्या 2013 पर्यंत. 1997 मध्ये एरिक सूल्हाइम यांच्यानंतर पक्षाध्यक्ष. (हेच ते श्रीलंकेच्या शांतता वाटाघाटींमुळे आपल्याकडे माहीत झालेले सूल्हाइम.) 2005 मध्ये पंतप्रधान स्टोल्टेनबर्ग यांच्या आघाडी सरकारात अर्थमंत्री झाल्या, त्या खुर्चीवर बसलेली नॉर्वेतली पहिली बाई. आणि तिथे अर्थमंत्र्याच्या हाती काय असतं? बाबा जे तेल काढतात, त्याच्या पैशाचा फंड. त्यात शेअरचा वाटा 40 वरून 60 टक्क्यांवर न्यायचं 2007 मध्ये ठरलं आणि पुढच्याच वर्षी जगभर बाजार कोसळला. 2008 मध्ये फंडाला 23 टक्क्यांहून जास्त फटका बसला. खरेदी मात्र थांबली नाही. सगळे विकत होते तेव्हा नॉर्वे स्वस्तात घेत होता, तोही समाजवादी अर्थमंत्र्याच्या काळात. 2009 चा परतावा 25 टक्क्यांच्या वर गेला. तेलवाल्या बाबांनी या बाईंवर एवढं का चिडावं?

तुमच्याकडेही एक गोष्ट पोचलीय. नॉर्वेत बार्नेहागेत, म्हणजे पाळणाघर-बालवाडीत, जागा मिळणं हा मुलांचा कायदेशीर हक्क झाला 1 जानेवारी 2009 पासून. सगळ्या मुलांना जागा, ही एसव्हीची जुनी मागणी. तुमची लेक तेव्हा तान्ही असणार.

तुमच्या पत्रातला ‘घराणं आणि पैसा’ हा सगळ्यात मोठा गैरसमज. हे चित्र तुम्ही इकडून सामानात बांधून नेलंय. तिकडे स्टॉर्टिंगच्या, म्हणजे संसदेच्या, 169 जागा, मतदारसंघ 19, आणि मतांच्या प्रमाणात पक्षांना जागा. उमेदवार स्वतःच्या नावाचे फ्लेक्स लावत नाही, पक्षाच्या यादीत त्याचा नंबर लागतो. तो नंबर ठरतो त्या भागातल्या पक्षाच्या बैठकीत, तिथे सभासदांचे प्रतिनिधी मत देतात. पक्षांना सरकारी अनुदान असतं. खासदार मंत्री झाला की त्याची जागा राखीव सदस्याकडे जाते, बऱ्याच तरुणांना संसद पहिल्यांदा दिसते ती अशी. यात पैसा फार जात नाही, संध्याकाळी जातात. कम्युनच्या (म्हणजे तिथल्या नगरपालिकेच्या) कंटाळवाण्या बैठका, शाळेच्या बजेटचे कागद, थंडीत चौकात उभं राहून पत्रकं वाटणं. हे दोन हिवाळे टिकली तर तिची आवड खरी समजा.

मेडिकलचं एका ओळीत: नॉर्वेत प्रवेशाला केमिस्ट्रीचे दोन्ही भाग लागतात, पण सुटलेला भाग पुढे प्रिवाटिस्ट म्हणून, म्हणजे बाहेरून, परीक्षा देऊन भरून काढता येतो. म्हणजे एका विषयाने आयुष्य बुडत नाही. घेऊ दे तिला हवा तो विषय.

आता बाळ, तुझ्यासाठी. आई हे वाचून दाखवेलच. तू हाल्वोर्सेनच्या चरित्राचा अर्धाच भाग वाचलेला दिसतोय. 2001 मध्ये, विरोधात असताना, त्यांच्या पक्षाला 12.5 टक्के मतं आणि 23 जागा होत्या. सत्तेत जाताना 15 राहिल्या, 2009 मध्ये 11, आणि 2013 मध्ये 7. मतं 4.1 टक्के, म्हणजे 4 टक्क्यांच्या किमान मर्यादेच्या जेमतेम वर. मंत्री होऊन काही महिनेच झाले होते, तेव्हा हाल्वोर्सेननी इस्रायली मालावरच्या बहिष्काराला पाठिंबा दिला आणि सरकारची ती भूमिका नसल्याने माघार घ्यावी लागली. आघाडीत बसलं की असं गिळावं लागतं. तुला जमेल? आणि ‘खासदार होणार’ हे करिअरचं उत्तर नाही. ती चार वर्षांची नेमणूक आहे, पुढची मतदार ठरवणार. हाल्वोर्सेन 2014 मध्ये हवामान संशोधनाच्या सिसेरो संस्थेच्या संचालक झाल्या. त्यांच्याच पक्षाच्या नेत्या मारियान हुसेन शिक्षणाने समाजकार्यकर्त्या आहेत. तूही हातात एक काम ठेव. मला विचारशील तर अर्थशास्त्र घे. डाव्यांना आकडे येत नाहीत, हा टोमणा तुला जन्मभर ऐकावा लागेल. बाबांशी वाद घालतानाही ते उपयोगी पडेल.

ताई, एक व्यवहाराचं. तिचा पासपोर्ट कुठला, हे तुम्ही लिहिलेलं नाही. 2027 च्या कम्युन निवडणुकीपर्यंत ती अठराची झालेली असेल. तिथे परदेशी नागरिकालाही तीन वर्षं राहिल्यावर मत देता येतं, यादीतही येता येतं. स्टॉर्टिंगसाठी मात्र नॉर्वेचं नागरिकत्व लागतंच. 2020 पासून नॉर्वेला दुहेरी नागरिकत्व चालतं, भारताला चालत नाही. म्हणजे भारतीय पासपोर्ट असेल तर तो सोडून ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांसाठीचं) घ्यावं लागेल. यावर घरात बराच खल होईल. तेव्हा तिला समोर बसवा, आणि बाबांनाही.