गायीच्या पोटातली सूज रक्तातून कळते का? सीआरपी करून घ्यावी का?

दोन महिन्यांपूर्वी व्यालेली तुमची एचएफ संकरित गाय चार दिवसांपासून अर्धाच चारा खाते, दूध निम्म्यावर आलंय, अंगात ताप नाही, आणि लॅबवाले माणसांची सीआरपी करून देतो म्हणतात. मी जनावरांचा डॉक्टर आहे. सीआरपीवर पैसे घालवू नका. माणसाला सूज आली की रक्तात सीआरपी झपाट्याने वाढतं, गायीत तसं वाढत नाही. शिवाय ती किट माणसाच्या प्रथिनासाठी बनवलेली असते. रिपोर्ट नॉर्मल येईल आणि तुम्ही उगाच निर्धास्त व्हाल.

गायीत याच कामाचं प्रथिन म्हणजे हॅप्टोग्लोबिन. निरोगी गायीच्या रक्तात ते जवळजवळ नसतंच, आणि सूज आली की एकदोन दिवसांत शंभर पटींवर जाऊ शकतं. सीरम अमायलॉइड ए त्याहून लवकर, काही तासांतच वाढतं. पण या तपासण्या तालुक्याच्या लॅबमध्ये सहसा होत नाहीत, आणि रिपोर्टची वाट बघत बसण्याएवढा वेळ तुमच्या गायीकडे नाही.

मी तुमच्या जागी असतो तर आजच फायब्रिनोजेन करून घेतलं असतं. हे रक्त गोठवणारं प्रथिन, गायीत सूज आली की हेही वाढतं. जुनी, स्वस्त तपासणी आहे. रक्त जांभळ्या झाकणाच्या नळीतच घ्यायला सांगा. लाल झाकणाच्या नळीत रक्त गोठतं आणि फायब्रिनोजेन त्या गाठीतच संपून जातं. मग दोन बारीक काचनळ्या भरून लॅबच्या यंत्रात गरगर फिरवायच्या, म्हणजे पेशी खाली बसतात आणि वर प्लाझ्मा, म्हणजे रक्तातलं पिवळसर पाणी, उरतं. एकीतल्या प्लाझ्माचं प्रथिन रिफ्रॅक्टोमीटरवर वाचायचं. द्राक्षबागायतदार साखर मोजतात त्याच जातीचं यंत्र, फक्त प्रथिनाच्या पट्टीचं. दुसरी नळी 56 अंशांच्या पाण्यात 3 मिनिटं धरायची. फायब्रिनोजेन पांढुरकं होऊन साकळतं, पुन्हा फिरवल्यावर खाली बसतं, आणि वर उरलेलं प्रथिन वाचायचं. दोन आकड्यांतला फरक म्हणजे फायब्रिनोजेन.

समजा 100 मिली प्लाझ्मामागे पहिला आकडा 8.4 ग्रॅम आणि दुसरा 7.4 आला. फरक 1 ग्रॅम, म्हणजे 1000 मिलिग्रॅम. निरोगी गायीत साधारण 300 ते 700 असतं. आता उरलेल्या प्रथिनाला फायब्रिनोजेनने भागा: 7.4. हा भागाकार 10 च्या खाली आला तर सूज खरी. 15 च्या वर आला तर बहुतेक अंगातलं पाणी कमी होऊन रक्त दाट झालंय. हा भागाकार करायला आवर्जून सांगा, कारण न खाणारी गाय पाणीही कमी पिते आणि नुसता आकडा फसवतो.

पांढऱ्या पेशी नॉर्मल आल्या म्हणून सोडून देऊ नका. गायीच्या हाडांच्या मगजात या पेशींचा साठा थोडाच असतो. जोराची सूज आली की सुरुवातीला त्या उलट घटतातही.

सूज कुठे आहे हे मात्र यातलं कोणतंच प्रथिन सांगत नाही. कासदाह, गर्भाशयाचा दाह, न्यूमोनिया, सगळ्यांत ती वाढतात. जागा हाताने आणि नजरेनेच शोधावी लागते. तुम्ही लिहिलंय की गाय पाठ कमानीसारखी धरते आणि उतारावरून खाली यायला कां-कूं करते. यावरून मला तारेचा संशय येतो. कुट्टीतून गेलेली तार किंवा खिळा जाळीदार पोटात अडकतो आणि पुढे हृदयाच्या आवरणापर्यंत पोचू शकतो. डॉक्टरांना वशिंडामागची पाठ दाबून गाय कण्हते का ते बघायला सांगा. कण्हली आणि भागाकारही 10 च्या खाली आला, तर पोटात सोडायचं लोहचुंबक, अँटिबायोटिक आणि गरज पडल्यास ऑपरेशन, हे या दोनतीन दिवसांतच ठरवा. गळ्याखालच्या पोळीत पाणी उतरल्यावर ऑपरेशन करून फारसं काही हाती लागत नाही.

जवळ डॉक्टर नसतील तर जनावरांच्या मदतीसाठीच्या 1962 या नंबरवर फोन करा, आणि आतापर्यंत कोणती इंजेक्शनं दिलीत ते न लपवता सांगा.