सायबेरिया गाजवणारा जनरल गायदा चेकोस्लोव्हाकियाचा मुसोलिनी का होऊ शकला नाही?

हौस दांडगी होती, पण त्याचा खाक्या रेल्वेलाइनवरच चालणारा होता.

मे 1918 मध्ये बोल्शेविकांचा युद्धमंत्री ट्रॉट्स्की याने चेकोस्लोव्हाक लीजनची, म्हणजे पहिल्या महायुद्धात रशियाच्या बाजूने लढलेल्या चेक-स्लोव्हाक फौजेची, शस्त्रं काढून घ्यायचा हुकूम दिला, तेव्हा लीजनचे सुमारे 40,000 सैनिक व्होल्गापासून व्लादिवोस्तोकपर्यंत आगगाड्यांमध्ये विखुरलेले होते. 26 वर्षांच्या रादोला गायदाने वाटाघाटींच्या भानगडीत न पडता नोव्होनिकोलायेव्स्क, म्हणजे आजचं नोवोसिबिर्स्क, रातोरात ताब्यात घेतलं. बैकल सरोवराकाठी तर त्याने कमाल केली. तिथे रूळ कड्याच्या पोटातून जातात, बोगदे सुमारे 40. बोल्शेविकांनी त्यातला एक सुरुंग लावून उडवला. एक बुजला की सगळी लाइन ठप्प! लीजनने राडारोडा उपसून वाट मोकळी केली आणि दुसरीकडे होड्यांतून माणसं पाठवून पोसोलस्कायाला शत्रूच्या पिछाडीला उतरवली. डिसेंबरात गायदाने उरलमधलं पेर्मही घेतलं.

वरिष्ठांशी मात्र त्याचं कधी जमलं नाही. सायबेरियातल्या बोल्शेविकविरोधी सरकारचा प्रमुख कोल्चाक याने जुलै 1919 मध्ये त्याला काढलं, तर नोव्हेंबरात हा व्लादिवोस्तोकला त्याच्याचविरुद्धच्या उठावात सामील. तो फसला.

मायदेशी 1926 मध्ये तो प्रभारी सरसेनाध्यक्ष झाला आणि त्याच वर्षी गेलाही. सोव्हिएत हेरगिरी आणि सत्तापालटाचा कट, असे आरोप होते. हेरगिरीचा पुरावा तकलादू होता. माझ्या मते राष्ट्राध्यक्ष मासारिकच्या गोटाला तो नकोच होता. पेन्शन पाव हिश्शाने कापली. फॅसिस्टांना आयता हुतात्मा मिळाला आणि 1927 पासून तो त्यांचा पुढारी.

आता मतांचं गणित. ग्रामीण उजवी मतं शेतकरी पक्षाने बांधून ठेवलेली. 1935 च्या संसदीय निवडणुकीत क्रामार्श आणि स्त्रझीब्रनी या उजव्या राष्ट्रवादी नेत्यांच्या आघाडीने 17 जागा नेल्या, गायदाच्या वाट्याला जेमतेम 2 टक्के मतं आणि 300 पैकी 6 जागा. लष्करही हललं नाही. जानेवारी 1933 मध्ये ब्रनो शहरातल्या झिदेनित्से बराकीवर त्याच्या पक्षाच्या काही डझन लोकांनी हल्ला केला, तो रात्रीतच मोडला. गायदा आधी सुटला, मग वरच्या कोर्टाने 6 महिने ठोठावले.

सगळ्यात मोठी गोची जर्मनांची. चेक फॅसिस्ट म्हटला की जर्मनद्वेष्टा, आणि फॅसिझमचं केंद्र तर बर्लिनकडे सरकलेलं. त्याच 1935 मध्ये सर्वाधिक मतं हेनलाइनच्या सुडेटन जर्मन पक्षाला, म्हणजे देशातल्या जर्मन अल्पसंख्याकांच्या पक्षाला पडली. मार्च 1939 मध्ये जर्मन प्रागमध्ये शिरताच गायदाने राष्ट्रीय समिती काढून सत्तेवर डोळा ठेवला. जर्मनांनी राष्ट्राध्यक्ष हाखालाच ठेवलं, याला घरी बसवलं. युद्धानंतर अटक, 1947 मध्ये 2 वर्षांची शिक्षा, सुटका, आणि एप्रिल 1948 मध्ये प्रागमध्ये मृत्यू.