लडाखसाठी जुनी गाडी: रनिंगपेक्षा बिलं बघा

लडाखला जायला कोणती जुनी मोटरसायकल घ्यावी असं तुम्ही विचारलंय आणि तुमच्या यादीत तीन गाड्या आहेत. २०१६ ची रॉयल एनफिल्डची कार्ब्युरेटरवाली हिमालयन (कार्ब्युरेटर म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळणारा जुन्या पद्धतीचा भाग), रनिंग फक्त १९ हजार. २०२१ ची हिमालयन, रनिंग ३४ हजार, लडाख करून आलेली, मागे पेट्या लावलेली. आणि २०२० ची केटीएम ३९० अ‍ॅडव्हेंचर, २२ हजार. बजेट दोन लाखांच्या आत, उंची ५ फूट ६ इंच. साताऱ्याहून मनालीमार्गे लेह, येताना स्पिती, पुढच्या वर्षी नेपाळ. प्रश्नात तुम्ही म्हणताय की ३४ हजारवाली 'फारच पळालीय' म्हणून ती मनातून उतरली. मी असतो तर आधी तीच बघायला गेलो असतो.

रनिंगचा आकडा आपल्याकडे लोक उगाच मनावर घेतात. इतकी जुनी गाडी आणि १९ हजार, म्हणजे ती बहुतेक काळ पार्किंगमध्ये कव्हर घालून उभी होती. आणि उभी गाडी पळत्या गाडीपेक्षा लवकर म्हातारी होते. टाकीत आतून गंज, कार्ब्युरेटरच्या जेटमध्ये पेट्रोलचा चिकटा, ऑइल सील आणि रबरी पाइप कडक, टायर बहुतेक कंपनीतून आलेलेच. टायरच्या बाजूवर डीओटी कोडच्या शेवटी चार आकडे असतात, ते वाचा. २३१६ असेल तर तो २०१६ च्या तेविसाव्या आठवड्यातला. नक्षी कोरी दिसली तरी असा टायर ओल्या घाटात पकड धरत नाही. आणि १९ हजार हा आकडा खरा कशावरून? डिजिटल मीटरही मागे नेता येतं. सर्व्हिसच्या प्रत्येक बिलावर तारीख आणि किलोमीटर असतात, त्यांची माळ लागते का ते बघा. बिलं नाहीत म्हणाले तर आकडा विसरायचा आणि गाडीच्या अवस्थेवर भाव करायचा.

याउलट ३४ हजारवाल्याकडे बिलांची फाइल असेल, चेन-स्प्रॉकेट बदललेलं असेल, क्लच प्लेट नवीन असेल, तर तो खर्च त्याच्या खिशातून गेलाय. वेळेवर ऑइल बदललं असेल तर या इंजिनाला ३४ हजार म्हणजे काहीच नाही.

कार्ब्युरेटरची दुसरी अडचण उंचीची. पाच हजार मीटरच्या वर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जवळपास निम्म्यावर येतो. फ्युएल इंजेक्शन सेन्सर बघून पेट्रोल आवरतं, कार्ब्युरेटरला त्याचा पत्ताच नसतो. पेट्रोल जास्त, हवा कमी, प्लग काळा आणि खिंडीच्या ऐन तोंडाशी गाडी घुसमटते. पूर्वी सगळे असेच जायचे, स्क्रू फिरवत, जेट बदलत. पण हिमालयनला इंजेक्शन २०१७ मध्ये आलं, एबीएस (जोरात ब्रेक दाबला तरी चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) २०१८ मध्ये, आणि प्रदूषणाच्या बीएस-६ नियमांतल्या २०२० च्या मॉडेलपासून मागचं एबीएस बंद करायचं बटणही मिळालं. खडीच्या उतारावर मागचं चाक हवं तिथे धरायला हे बटण फार कामाचं. तेव्हा २०१६ चा विषय माझ्या लेखी इथेच संपला.

आता केटीएम. ४३ अश्वशक्ती विरुद्ध २४, यात वाद नाही. साताऱ्याहून मनालीपर्यंतच दोन हजार किलोमीटरच्या आसपास महामार्ग आहे. तिथे ३९० दिवसभर ११० ने जाईल, हिमालयन ९० ला खूश असते आणि शंभरच्या पुढे ताणल्यासारखी वाटते. शिवाय ३९० चे टायर ट्यूबलेस, पंक्चर रस्त्याकडेला बाहेरूनच निघतं. हिमालयनला दोन्हीकडे ट्यूब, म्हणजे चाक काढायची तयारी हवी. (हिमालयनला मेन स्टँड कंपनीकडूनच असतो, ३९० ला नसतो. याची किंमत ट्यूब बदलताना आणि रोज संध्याकाळी चेनला तेल सोडताना कळते.)

तुमच्यासाठी मी ३९० मागे टाकतो ते सीटच्या उंचीमुळे. ८५५ मिलिमीटर आणि ८००. शोरूमच्या फरशीवर हा फरक पंजा टेकवून निभावतो. स्पितीच्या वाटेवर ग्रांफू ते बातल रस्त्यावर नाल्याच्या मधोमध गोटा चाकाखालून सरकला, मागे तीस किलो सामान, तेव्हा पाय टेकायला तळ लागत नाही आणि गाडी जाते आडवी. दुसरं कारण सुट्या भागांचं. मनाली आणि लेहमधल्या भाड्याच्या गाड्या मुख्यतः रॉयल एनफिल्डच्या. त्यामुळे हिमालयनची क्लच केबल, लीव्हर, ब्रेक पॅड तिथे दुकानात मिळतात आणि हात बसलेले मेकॅनिकही मिळतात. ३९० चं व्हॉल्व्ह क्लिअरन्स, म्हणजे इंजिनातल्या झडपांची फट, शिम (मापाच्या चकत्या) बदलून करावं लागतं, ४११ चं, म्हणजे ४११ सीसीच्या हिमालयनचं, तेच काम पाना आणि फीलर गेज (फट मोजायच्या पट्ट्या) घेऊन होतं. तुमची उंची जास्त असती आणि फिरणं मुख्यतः डांबरावरचं असतं, तर मी ३९० च घ्या म्हटलं असतं.

पेट्रोलचंही बघा. मनाली-लेह वाटेवरच्या टांडीच्या पंपावरची 'पुढचा पंप ३६५ किलोमीटर' ही पाटी सगळ्यांना माहीत आहे. हिमालयनची टाकी १५ लिटरची, लिटरला तीसच्या हिशेबाने पोहोचते. ३९० ची साडेचौदा, पण चढावर हात सैल सोडलात तर काठावर. कॅन दोन्हींना ठेवा.

हीरोची एक्सपल्स २०० तुमच्या यादीत नाही याचं मला थोडं वाईट वाटतं. ४११ पेक्षा चाळीसेक किलोने हलकी, पडली तर एकट्याने उचलता येते. पण महामार्गावर तुमचे दोन दिवस जास्त जातील आणि घरचे म्हणतील एवढे पैसे घालून दोनशे सीसी आणली.

बघायला सकाळी जा आणि आधी सांगून ठेवा की इंजिन चालू करून ठेवू नका. पोचल्यावर पहिल्यांदा इंजिनावर हात ठेवा. गरम लागलं तर थंड स्टार्टचा काहीतरी त्रास झाकलाय असं समजा आणि चहा घेऊन तासाभराने परत या. मग गाडी मेन स्टँडवर घ्या, कुणालातरी मागे कॅरिअरवर दाबायला सांगा म्हणजे पुढचं चाक उचलेल. हँडल एका बोटाने सावकाश डावीकडून उजवीकडे न्या. बरोबर मधोमध 'टक' करून अडकल्यासारखं वाटलं तर कोनसेट, म्हणजे हँडल ज्यावर फिरतं ते बेअरिंग, गेलाय. खराब रस्त्यावर फिरलेल्या ४११ मध्ये हे नेहमी दिसतं, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. बदलून घ्यायचा आणि तेवढे पैसे भावातून कमी करायचे. तिथेच खाली वाकून हँडलचा स्टॉपर बघा, म्हणजे हँडल पूर्ण वळल्यावर फ्रेमला जिथे टेकतं तो लोखंडी ठोकळा. तो चेपलेला असेल, किंवा फक्त तेवढ्याच जागी रंग ताजा असेल, तर गाडी जोरात पडलीय. टाकी, मडगार्ड, इंडिकेटर सगळं नवीन टाकता येतं, पण स्टॉपरकडे लक्ष देणारा विक्रेता सहसा भेटत नाही.

चाक उचललेलंच आहे तर फिरवून रिम डुलते का बघा आणि पान्याने एकेक स्पोक वाजवा. घट्ट स्पोक टणकन वाजतो, ढिला बद्द. फोर्कच्या चकचकीत नळीवरून नख फिरवा, खड्डे लागले तर ऑइल सील नवीन टाकूनही गळणारच.

लडाख करून आलेल्या गाडीत दोन जागा खास तपासायच्या. एक, पेट्यांचा स्टँड जिथे फ्रेमला बोल्ट होतो तिथली वेल्डिंग. पेट्या काढायला लावा, चिखल पुसा आणि मोबाइलच्या उजेडात केसासारखी चीर शोधा. दुसरी, वायरिंग. जादा दिवे, मोबाइल चार्जर, हॉर्न, सगळं बॅटरीवरून फ्यूज आणि रिले लावून घेतलंय की मूळ वायर सोलून टेप गुंडाळलाय? टेपच्या गुंडाळ्या दिसल्या तर जादा दिवे उतरवायच्या तयारीनेच घ्या. पावसात भिजून गाडी बंद पडते ती बहुतेक अशा जोडामुळे, आणि तो जोड शोधायला अर्धा दिवस जातो.

कागदांचं जरा सविस्तर, कारण तुमच्या प्रश्नात त्याबद्दल एक ओळही नाही. गाडीवर कर्ज असेल तर बँकेची एनओसी आणि सहीचा फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. परिवहनच्या साइटवर चलनं बघा. फॉर्म २९ आणि ३० वर सह्या तिथेच घ्या. विक्रेत्याची पाटी दिल्ली किंवा कर्नाटकची असेल तर तिकडच्या आरटीओची एनओसी, इथे नवीन नोंदणी आणि पुन्हा रोड टॅक्स. ऑनलाइन स्वस्त दिसणाऱ्या परराज्यातल्या गाडीचा भाव हे धरून काढा. विमाही नावावर करून घ्यायचा, आणि नो क्लेम बोनस विक्रेत्याचा असतो, तो गाडीबरोबर येत नाही.

'आधी जाऊन येतो, आरसी नंतर नावावर करतो' हा विचार असेल तर सोडून द्या. लेहमध्ये बाहेरच्या भाड्याच्या गाड्यांना तिथल्या गाडीवाल्यांचा विरोध आहे. आरसीवर दुसऱ्याचं नाव दिसलं की तुमची गाडी भाड्याचीच धरली जाते, मग नुब्रा-पँगाँगच्या वाटेवर हुज्जत घालत बसा. नेपाळच्या सीमेवर भन्सार (तिथला गाडीचा सीमाशुल्क) भरताना तर आरसी समोर ठेवावीच लागते. नाव बदलून यायला आठवडे जातात, त्यामुळे जुलैत निघायचं असेल तर व्यवहार मार्चपर्यंत उरका.

पैशाचं गणित असं ठेवा: दोन लाख हातात असतील तर गाडीला दीड लाखाच्या वर जाऊ नका. उरलेल्यात टायर-ट्यूब, चेन-स्प्रॉकेट, कोनसेट, ब्रेक पॅड, सगळी तेलं, विमा आणि ट्रान्स्फर. यातलं काहीच निघालं नाही तर ते पैसे प्रवासाला. पेट्यांचे वेगळे पंधरा हजार मागतील, देऊ नका. आपल्या नकोत, काढून ठेवा म्हणा. पेट्यांचा स्टँड एकदा बसला की विक्रेत्यालाही त्या काढायचा कंटाळा असतो, बहुतेक वेळा त्या तशाच गाडीबरोबर येतात.

घेतल्यावर जूनच्या पहिल्या पावसात पूर्ण सामान बांधून ठोसेघर, कोयना, चिपळूण असा दोन दिवसांचा फेरा मारा. कुंभार्ली घाटात जे ढिलं होईल ते साताऱ्यातल्या मेकॅनिककडे घट्ट होईल, मनाली-लेह वाटेवरच्या सरचूला नाही.