आराखडा भविष्यकाळात लिहितात

पदव्युत्तर वर्गांमध्ये लघुशोधप्रबंधाचे आराखडे सादर करण्याचे दिवस जवळ आले की समुपदेशनासाठी माझ्याकडे येणाऱ्या विद्यार्थ्यांच्या तोंडी एकच वाक्य थोड्याफार फरकाने येते : "मॅडम, आराखडा अजून पक्का झालेला नाही, सगळ्या विभागासमोर उभी राहिले तर मला काहीच येत नाही हे उघडे पडेल." कोणी हे सांगताना रडते, तर कोणी मार्गदर्शकांचे फोन घेणेच बंद केलेले असते. अशाच एका विद्यार्थिनीचा अनुभव, तिची ओळख पटू नये इतपत तपशील बदलून, येथे मांडते. तिला आपण सुनंदा म्हणू.

सुनंदा समाजशास्त्राच्या एम.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होती. गाव बीड जिल्ह्यातले, आईवडील दर हंगामात ऊसतोडीला जाणारे आणि घरातली ती पहिलीच पदवीधर. 'महाराष्ट्रातील ऊसतोड कामगारांचे स्थलांतर व त्यांच्या मुलांचे शिक्षण' हा विषय तिने निवडला होता. आराखडा तिने चार वेळा लिहिला होता आणि मार्गदर्शकांना एकदाही दाखवला नव्हता.

"का दाखवला नाहीस?" मी विचारले.

"त्यांनी काही विचारले तर मला उत्तर यायलाच हवे ना, मॅडम."

हे वाक्य मी तिला कागदावर लिहायला सांगितले आणि त्यातल्या 'च'भोवती वर्तुळ काढायला लावले. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५५ मध्ये मांडायला सुरुवात केलेल्या विवेकनिष्ठ विचारपद्धतीने मी काम करते. माणसाला प्रसंगापेक्षा त्याने स्वतःवर लादलेली सक्ती अधिक छळते, हे त्या पद्धतीचे सार, आणि मराठीत ही सक्ती एका अक्षरात मावते. उत्तर यावे ही इच्छा अभ्यासाला बसवते. उत्तर यायलाच हवे ही सक्ती लिहिलेला कागद लपवायला लावते. स्वतः एलिस यांच्या पीएच.डी.च्या पहिल्या विषयावर कोलंबिया विद्यापीठातील काही अध्यापकांनी आक्षेप घेतला होता आणि त्यांनी दुसऱ्या विषयावर प्रबंध लिहून १९४७ मध्ये पदवी मिळवली, हेही मी तिला सांगितले. तिने ते लक्षपूर्वक ऐकले, परंतु भीती तेवढ्याने गेली नाही. पटणे आणि अनुभवणे यांत अंतर असते.

ते अंतर तिसऱ्या भेटीत मिटले. मी तिला सादरीकरण माझ्यासमोरच करायला सांगितले. विषयाची जाणकार असल्याचा आव न आणता मी प्रश्न विचारणार होते. तिने समयनियोजनाचे पान वाचले : डिसेंबर व जानेवारी या महिन्यांत निवडक गावांत जाऊन पालकांच्या मुलाखती घेण्यात येतील.

"डिसेंबरमध्ये हे पालक कुठे असतात?" मी सहज विचारले.

ती काही क्षण गप्प राहिली. मग तिचा चेहरा बदलला. "ते तर उसाच्या फडात असतात, मॅडम. दिवाळीच्या सुमारास टोळ्या निघतात त्या मार्च-एप्रिललाच परततात. डिसेंबरात आमच्या गावात म्हातारी माणसे आणि काही मुले एवढेच उरतात." आदल्या वर्षीच्या एका लघुशोधप्रबंधातले वेळापत्रक तिने जसेच्या तसे उतरवले होते. जे तिला लहानपणापासून ठाऊक होते, तेच विद्वान दिसण्याच्या ओझ्याखाली आराखड्याबाहेर राहून गेले होते.

मी तिला विचारले, "हा प्रश्न आज इथे निघाला त्याऐवजी जानेवारीत, गावातल्या कुलूपबंद घरांसमोर उभी असताना पडला असता तर?"

"माझा अख्खा हंगाम वाया गेला असता."

"आणि आज काय गेले?"

"एक ओळ खोडावी लागेल."

मग मी तिला आराखड्यातली सारी क्रियापदे मोठ्याने वाचायला सांगितली. 'करण्यात येईल', 'निवडला जाईल', 'तपासले जाईल'. ती वाचता वाचता थांबली आणि म्हणाली, "मॅडम, हे सगळे अजून व्हायचेच आहे." ज्या कामाचा भविष्यकाळ अजून उलटलेला नाही, त्याचा हिशेब ती झालेल्या कामासारखा द्यायला निघाली होती. इतक्या वर्षांत मलाही आराखड्याचे स्वरूप इतक्या स्वच्छपणे कधी दिसले नव्हते. त्यानंतर हा क्रियापदे वाचण्याचा प्रयोग मी अनेकांकडून करून घेतला आहे.

यापुढचे काम सरळ होते आणि ते याच काळजीत असलेल्या प्रत्येकाला उपयोगी पडेल. विषय एका वर्षात आणि एकट्याच्या पायांनी झेपेल इतका लहान करावा. सुनंदाने 'महाराष्ट्र' सोडून एक तालुका धरला आणि पालक ऊसतोडीला गेलेले असताना गावाकडच्या हंगामी वसतिगृहात राहणाऱ्या मुलांची शाळेतील उपस्थिती एवढाच मुद्दा ठेवला. संशोधनाचा प्रश्न एका वाक्यात सांगता येईपर्यंत पीपीटी करायला बसू नये. जिथे आपलीच खात्री नाही, ते स्थळ शेवटच्या पानावर स्वतःहून लिहावे आणि त्यावर सल्ला मागावा, कारण मागितलेला सल्ला टीकेसारखा लागत नाही. सादरीकरणाच्या वेळी सूचना टिपून घ्यायला एखाद्या मैत्रिणीला बसवावे, कारण धडधडत्या छातीने ऐकलेले निम्मे विसरले जाते. प्रत्येक आक्षेपाचे तिथल्या तिथे खंडन करू नये. 'हे मी तपासून पाहते' हे पूर्ण उत्तर आहे. मात्र प्रत्येक सूचना स्वीकारावी असेही नाही. दोन दिवसांनी मार्गदर्शकांबरोबर बसून कोणती घ्यायची, कोणती कारण देऊन सोडायची हे ठरवावे. नम्रतेच्या नावाखाली स्वतःचा प्रश्न हरवून बसलेले विद्यार्थीही मी पाहिले आहेत.

सादरीकरणानंतर सुनंदा आली तेव्हा तिच्या हातात मैत्रिणीच्या अक्षरातला सात सूचनांचा कागद होता. त्यातली एक तिला निरुत्तर करून गेली होती : मुलांशी बोलायचे तर पालकांची संमती हवी, आणि पालक फडात असताना ती कशी घेणार?

"मग तू काय म्हणालीस?"

"म्हणाले, सर, याचा मी विचार केला नव्हता, लिहून घेते. रात्री घरी आईला फोन करून विचारले. संमतीपत्रे टोळ्या निघायच्या आधी, दसऱ्याच्या आतच भरून घ्यावी लागतील. आणि ज्यांना वाचता येत नाही त्यांना ती वाचून दाखवावी लागतील. आई म्हणाली, आपल्या वस्तीपासून सुरुवात कर, मी बरोबर येते."